शनीची होरा आणि ब्याण्णवावे स्तोत्र

आजीच्या बायबलात स्तोत्रसंहितेचे एक पान बाकीच्या पानांपेक्षा वेगळे दिसते. त्याचा खालचा कोपरा अंगठ्याने उलटून उलटून काळपट आणि कापडासारखा मऊ झाला आहे, आणि कधीतरी लागलेल्या हळदीच्या बोटाचा डाग आता फिकट तपकिरी पडला आहे. ते पान एक्क्याण्णवाव्या स्तोत्राचे आहे. परात्पराच्या आसऱ्याला राहणाऱ्याने रात्रीच्या भयाला, अंधारात फिरणाऱ्या मरीला आणि भर दुपारी घात करणाऱ्या रोगाला भिऊ नये, असे सांगणारे हे स्तोत्र आजी रोज दिवेलागणीला उंबरठ्यात उभी राहून, अंगणाकडे तोंड करून म्हणत असे. आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यातले, काळ्या मातीचे, कापसाचे आणि तुरीचे. ख्रिस्ती घरे मोजकीच. आजी तरुणपणी मिशनच्या दवाखान्यात आया होती आणि तिथेच वाचायला शिकली. ती म्हणते ती प्रार्थना की मंत्र, असे कोणी तिला विचारले असते तर तिला तो प्रश्नच कळला नसता. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत ज्या जुन्या गुंडाळ्या सापडल्या, त्यांतल्या अकराव्या गुहेतल्या एका गुंडाळीत हेच स्तोत्र भुते घालवण्याच्या गीतांबरोबर लिहिलेले आहे, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचले, तेव्हा मला आजीचा उंबरठा आठवला.

मी स्वतः गेली बारा वर्षे जे करते आहे त्याला साधनाच म्हणावे लागेल. आठवड्याच्या प्रत्येक वाराला त्याच्या ग्रहाच्या होरेत, म्हणजे त्या ग्रहाच्या मानलेल्या तासात, एक स्तोत्र मोठ्याने म्हणणे, त्या ग्रहाचे धान्य समोर ठेवणे, दिवा लावणे, आणि मनात जे धरले असेल ते स्पष्ट शब्दांत बोलून दाखवणे, एवढाच तिचा विस्तार आहे. ही रीत मी एका ठिकाणाहून उचललेली नाही. अर्धी ती आजीच्या उंबरठ्यावरून आली आणि अर्धी जोशीकाकांच्या ओट्यावरून.

जोशीकाका आमच्या गावचे पंचांग सांगणारे. वडील गेल्यावर पाच एकर वावर माझ्या अंगावर आले, त्या साली मी पेरणीचा दिवस विचारायला त्यांच्याकडे गेले होते, आणि त्यांनी दिवस सांगता सांगता होरा समजावून दिली. पंचांग मांडीवर उघडे, उजव्या हाताच्या करंगळीचे वाढवलेले नख ओळीवरून सरकत होते. शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र, असा क्रम त्यांनी दोनदा म्हणून घेतला. आकाशात सर्वांत मंद चालणाऱ्यापासून सर्वांत जलद चालणाऱ्यापर्यंत. सूर्योदयाला ज्याची होरा, त्याचाच वार. शनिवारची पहिली होरा शनीची धरून चोवीस होरा मोजत गेले की पंचविसावी, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयाची होरा रवीची येते, म्हणून शनिवारनंतर रविवार. वार आकाशातल्या क्रमाने का येत नाहीत हे कोडे मला शाळेपासून पडलेले होते आणि ते त्या ओट्यावर पाच मिनिटांत सुटले. पुढे युरोपातल्या जुन्या ग्रहविधींच्या पुस्तकांत हाच क्रम अक्षरशः तसाच भेटला तेव्हा मला नवल वाटले नाही, कारण होरा हा शब्दच ग्रीकांकडून आपल्याकडे आलेला आहे, जरी वराहमिहिराने ‘अहोरात्र’ या शब्दाचे पहिले आणि शेवटचे अक्षर गाळून त्याची उकल केलेली असली तरी.

एक फरक मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. आपल्याकडची बहुतेक पंचांगे होरा सरसकट एका तासाची धरतात, तर तिकडचे ग्रंथ सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या वेळेचे बारा समान भाग करतात, त्यामुळे होरेची लांबी ऋतूप्रमाणे कमीजास्त होते. मी दुसरी रीत घेते, कारण वावरात राहणाऱ्या माणसाला ती अंगाने कळते. डिसेंबरच्या मध्यावर आमच्याकडे सूर्य साधारण ६ वाजून ४५ मिनिटांनी उगवतो आणि ५ वाजून ४० मिनिटांनी मावळतो. मधल्या ६५५ मिनिटांचे बारा भाग केले की एक होरा साडेचौपन्न मिनिटांची होते. जूनमध्ये तीच होरा सहासष्ट मिनिटांच्या पुढे जाते. उन्हाळ्यातली दुपार लांबते असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात खरोखरच दर होरेमागे बारा मिनिटांची भर पडलेली असते.

कोणत्या वाराला कोणते स्तोत्र, याचे उत्तर मला शोधावे लागले नाही, कारण ते फार जुने आहे. यरुशलेमच्या मंदिरात लेवी, म्हणजे मंदिराची सेवा करणारे वंशपरंपरेचे लोक, कोणत्या दिवशी कोणते स्तोत्र गात, याची नोंद मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या जुन्या संग्रहाच्या तामीद या भागाच्या शेवटी आहे: रविवारी २४, सोमवारी ४८, मंगळवारी ८२, बुधवारी ९४, गुरुवारी ८१, शुक्रवारी ९३ आणि शनिवारी ९२. त्या नोंदीत ग्रहांचे नावसुद्धा नाही, आणि ती मांडणी ग्रहांसाठी केलेली आहे असा दावा मी करणार नाही. पण बारा वर्षे म्हटल्यावर वार आणि स्तोत्र एकमेकांना किती धरून आहेत ते दिसायला लागते. मंगळवारचे ब्याऐंशीवे स्तोत्र न्यायसभेचे आहे. देव देवांच्या मध्ये उभा राहून विचारतो की तुम्ही कुठवर दुर्जनांची बाजू घेणार, दुबळ्याचा आणि पोरक्याचा न्याय करा. मंगळाच्या तापाला यापेक्षा योग्य वाट मला दुसरीकडे सापडलेली नाही. रविवारी चोविसावे स्तोत्र पृथ्वी आणि तिच्यातले सगळे परमेश्वराचे आहे अशा शब्दांनी सुरू होते, आणि ते म्हणताना मी समोर वाटीत गव्हाऐवजी वावरातली माती ठेवते. नवग्रहांच्या धान्यांत रवीला गहू सांगितला आहे हे मला माहीत आहे. ही एक मोकळीक मी घेतली आहे.

बाकी धान्ये जोशीकाकांनी सांगितली तीच: चंद्राला तांदूळ, मंगळाला तूर, बुधाला मूग, गुरूला हरभरा, शुक्राला चवळी, शनीला तीळ. यांतली तूर, मूग आणि हरभरा आमच्याच शिवारात पिकतात, त्यामुळे विधीचे सामान आणायला बाजारात जावे लागत नाही. समिधांचेही तसेच आहे. चंद्राचा पळस आमच्या बांधाबांधावर आहे, बुधाचा आघाडा पावसाळ्यात अंगणात आपोआप येतो, आणि शनीची शमी मी धुऱ्यावर मुद्दाम लावली, ती आता डोक्याच्या वर गेली आहे.

आता मला जे मुळात सांगायचे आहे त्याकडे येते. युरोपातल्या ग्रहविधींच्या ग्रंथांत स्तोत्रे विपुल वापरलेली आहेत, पण ती बहुधा तोडून वापरलेली आहेत. ‘शलमोनाची किल्ली’ या नावाने हस्तलिखितांतून फिरलेल्या ग्रंथात प्रत्येक ग्रहाची चक्रे दिली आहेत आणि चक्राच्या कडेने स्तोत्रातले एखादे वचन लिहायला सांगितले आहे. शनीच्या पहिल्या चक्रावर बाहत्तराव्या स्तोत्राचे नववे वचन येते, ज्यात शत्रूंनी धूळ चाटावी असे म्हटले आहे. एवढेच वचन घेतले तर ते सत्तेचे आणि शत्रूला लोळवण्याचे साधन होते. पण ते स्तोत्र पूर्ण वाचा. त्याच्या सहाव्या वचनात राजा कापलेल्या गवतावर पडणाऱ्या पावसासारखा येवो असे मागितले आहे, आणि बाराव्या वचनापासून त्याच्या सत्तेचे कारण दिले आहे: कोणी वाली नसलेल्या गरजवंताची हाक तो ऐकतो, जुलमापासून त्यांचे जीव सोडवतो, त्यांचे रक्त त्याच्या दृष्टीने मोलाचे असते. शत्रूची धूळ ही त्या पावसाच्या आणि त्या गरजवंताच्या मध्ये आलेली आहे. तिला तिथून उचलून वेगळे काढले की स्तोत्राचा बोल बदलतो, आणि माझा अनुभव असा आहे की म्हणणाऱ्याचा स्वभावही बदलतो.

याउलट ‘शिम्मुश तेहिल्लीम’ हा स्तोत्रांच्या उपयोगांवरचा मध्ययुगीन यहुदी ग्रंथ मला अधिक जवळचा वाटतो. तो १५५१ मध्ये इटलीतल्या साब्बियोनेता इथे छापला गेला. त्यात पहिले स्तोत्र गर्भपाताची भीती असणाऱ्या बाईसाठी सांगितले आहे. ते स्तोत्र म्हणजे पाण्याच्या प्रवाहाकाठी लावलेल्या, हंगामात फळ देणाऱ्या, पान न गळणाऱ्या झाडाचे चित्र आहे. ज्याने हा उपयोग ठरवला त्याने झाडाने फळ धरून ठेवणे आणि बाईने गर्भ धरून ठेवणे एकमेकांशेजारी ठेवून पाहिले होते. अर्थात पोटुशी बाई दवाखान्यात गेलीच पाहिजे. आजी स्वतः दवाखान्यातली होती आणि तिने कधीही स्तोत्राला औषधाच्या जागी बसवले नाही.

नवीन वाचणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट इथेच सांगून ठेवते. लॅटिन परंपरेतल्या ग्रंथांत स्तोत्रांचे आकडे आपल्या मराठी बायबलाशी जुळत नाहीत, कारण तिथे नववे आणि दहावे स्तोत्र एक धरले आहे, आणि पुढे जवळजवळ शेवटपर्यंत आकडा एकाने मागे राहतो. आपले एक्क्याण्णवावे ते त्यांचे नव्वदावे. मी पहिले सात-आठ महिने संरक्षणासाठी म्हणून नव्वदावे स्तोत्र म्हणत होते, आणि त्यात माणसाचे आयुष्य सत्तर वर्षांचे, फार तर ऐंशीचे, आणि तेही कष्टाचे, एवढेच येत असे. मला वाटायचे की संरक्षण असे कसे. चूक कळल्यावरही ते स्तोत्र मी सोडले नाही, आणि ते मला का सोडवले नाही हे पुढच्या प्रसंगावरून कळेल.

काही वर्षांपूर्वी जूनच्या अखेरीस मी तालुक्याच्या एका दुकानातून कपाशीचे बियाणे आणले. दीड महिन्याचा पैसा त्यात गेला. पाऊस चांगला झाला, लोकांची वावरे हिरवी झाली, आणि माझ्या तीन एकरांत ओळीच्या ओळी रिकाम्या राहिल्या. उकरून पाहिले तर सरकी तशीच्या तशी, काही कुजलेली. दुकानदाराने कच्चे बिल दिले होते आणि आता तो बियाणे आपल्याकडचे नाही असे म्हणत होता. दुबार पेरणीसाठी मी आईच्या पाटल्या गहाण ठेवल्या. त्या आठवड्यात मी एकशे नववे स्तोत्र उघडले.

हे शापाचे स्तोत्र आहे. त्याचे दिवस थोडे होवोत, त्याचा हुद्दा दुसरा घेवो, त्याची मुले पोरकी होवोत, सावकार त्याचे सर्वस्व घेवो. मी सात मंगळवार ठरवले. मंगळाची पहिली होरा सूर्योदयाला लागते, म्हणून पावणेसहाच्या आत आंघोळ करून, पाटावर लाल कापड, त्यावर तुरीची रास, तिच्यावर तेलाचा दिवा, आणि सहाव्या वचनापासून विसाव्यापर्यंतचा भाग मी उभ्याने म्हणत असे. नेमका तेवढाच भाग. चौथ्या मंगळवारी स्तोत्र म्हणून झाल्यावर सालदाराचे सहा वर्षांचे पोर अंगणातून पळत गेले आणि त्याच्या पायाने पाण्याची बादली सांडली. मी त्याच्यावर अशा आवाजात ओरडले की ते जागच्या जागी उभे राहून लघवी करू लागले. आई चुलीपाशी बसली होती. ती काही बोलली नाही, फक्त उठून त्याला कडेवर घेऊन बाहेर गेली.

त्या दिवशी दुपारी मी ते स्तोत्र पहिल्या वचनापासून एकतिसाव्यापर्यंत बसून वाचले. अठराव्या वचनात म्हटले आहे की शाप देणाऱ्याने शाप वस्त्रासारखा पांघरला, आणि तो पाण्यासारखा त्याच्या पोटात आणि तेलासारखा त्याच्या हाडांत शिरला. हे वचन मी चार मंगळवार दुकानदाराच्या नावाने म्हटले होते. तेल शिरत होते ते माझ्या हाडांत. आणि मी जो भाग गाळत होते त्यात म्हणणारा माणूस म्हणतो की माझे हृदय आत घायाळ झाले आहे, मी उतरत्या सावलीसारखा चाललो आहे, उपासाने माझे गुडघे लटपटतात. हे माझे शब्द होते. तेच मी म्हटले नव्हते. स्तोत्र संपते तेव्हा परमेश्वर दीनाच्या उजव्या हाताला उभा असतो, आणि ज्याला तो शेवट गाठायचा असेल त्याला घायाळ हृदयाचा रस्ता ओलांडूनच जावे लागते.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. तालुक्याच्या कृषी कार्यालयात लेखी तक्रार दिली, बियाण्याची रिकामी पाकिटे जोडली आणि वावराचा पंचनामा करून घेतला, कारण ते काम कागदाचे होते. आणि जोशीकाकांकडे जाऊन विचारले की मंगळाचे मला झेपत नाही, तर काय करू. त्यांनी बराच वेळ पंचांग बंदच ठेवले. मग म्हणाले, “शनीकडे जाय, बाई. थो मंद चालते, पण त्याच्यापाशी हिशेब पक्का राहते.” शनीला राशिचक्राची एक फेरी पुरी करायला साडेएकोणतीस वर्षे लागतात, एका राशीत तो अडीच वर्षे काढतो, आणि तीन राशींची मिळून साडेसाती होते, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत असते. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा कळले की चुकून म्हटलेले नव्वदावे स्तोत्र मुळापासून शनीचेच आहे. आमचे दिवस मोजायला आम्हाला शिकव, म्हणजे आम्हाला शहाणे मन मिळेल, अशी त्याची मागणी आहे. त्या वर्षी दर शनिवारी मी ब्याण्णवाव्याच्या आधी नव्वदावे जोडले.

आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाने मला एकदा बाजूला घेऊन विचारले की सूर्य, चंद्र आणि तारे यांच्यापुढे नमू नये असे बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात स्पष्ट सांगितले असताना तू हे काय करतेस. प्रश्न रास्त होता आणि मी तो टाळला नाही. माझे उत्तर एकशे अठ्ठेचाळिसावे स्तोत्र आहे. त्यात सूर्याला, चंद्राला आणि सगळ्या तेजस्वी ताऱ्यांना परमेश्वराचे स्तवन करा असे सांगितले आहे, आणि त्यांच्याच मागोमाग फळझाडांना, गुराढोरांना, म्हाताऱ्यांना आणि पोरांना. म्हणजे ग्रह हे माझ्याबरोबर गाणारे आहेत. मी शनीला साकडे घालत नाही. शनीच्या होरेत त्याच्या शेजारी उभी राहून गाते. जोशीकाकांचे नवग्रह स्तोत्र त्याला नमस्कार करते, नीलांजनासारख्या कांतीचा, रवीचा पुत्र, छायेच्या पोटचा म्हणून त्याचे वर्णन करते, आणि ते ऐकायला मला फार आवडते, पण ते म्हणणे माझे नाही. काकांना हा फरक माहीत आहे आणि त्यांना त्याचा राग नाही.

जादू हा शब्द मी इथपर्यंत जपून वापरला आहे, त्याचे कारण आमचा मुलूख आहे. विदर्भाच्या खेड्यांत करणी केल्याच्या संशयावरून माणसांना मारहाण झालेली आहे, घरे वाळीत टाकली गेली आहेत, आणि त्यात एकटी बाई सर्वांत आधी सापडते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात महाराष्ट्राच्या विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. साप, विंचू किंवा कुत्रे चावलेल्या माणसाला उपचारापासून रोखून त्याच्यावर मंत्रतंत्र करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे, आणि सापाच्या दिवसांत अंधारात वावराला पाणी द्यायला जाणाऱ्या आमच्यासारख्यांना त्याचे मोल कळते. मी कोणासाठी विधी करत नाही, कोणाकडून एक रुपया घेत नाही, कोणाचा ग्रह बघत नाही. शेजारची बाई कधी ‘माझ्या पोरासाठी म्हण’ असे म्हणाली तर मी तिला घरात बोलावते आणि तिच्याकडूनच एकशे एकविसावे स्तोत्र म्हणवून घेते. दिवसा सूर्याची आणि रात्री चंद्राची बाधा होणार नाही, हे मे महिन्यात आमच्याकडच्या उन्हात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

शनिवारची माझी वेळ हिवाळ्यात दुपारची असते. सूर्योदयाची होरा गोठ्याच्या कामात जाते, पण शनीची होरा आठवीही असते, आणि डिसेंबरच्या मध्यावर ती १ वाजून ७ मिनिटांच्या सुमारास लागते. कापूस वेचणाऱ्या बाया तेव्हा निंबाखाली शिदोऱ्या सोडून बसलेल्या असतात. मी धुऱ्यावरच्या शमीपाशी जाते, लोखंडी पळीत तिळाचे तेल आणि वात, वाऱ्याने विझू नये म्हणून तीन विटांचा आडोसा. मूठभर काळे तीळ मातीवर ठेवते. आधी नव्वदावे, मग ब्याण्णवावे. नीतिमान माणूस खजुरीसारखा वाढेल, म्हातारपणातही फळ देईल, रसभरीत आणि हिरवा राहील, या वचनावर आले की मला आजीचा अंगठा आठवतो. मनात त्या आठवड्याचे जे असेल ते मी मोठ्याने बोलते, कर्जाचा हप्ता असो किंवा आईचा गुडघा. स्तोत्र घाईने म्हटले तर वीस मिनिटांत सगळे आटोपते, म्हणून मी प्रत्येक वचनानंतर एक श्वास थांबते.

संपेपर्यंत तिळांना मुंग्या लागलेल्या असतात. दोन वाजून दोन मिनिटांनी गुरूची होरा सुरू होते, बाया उठून लुगड्याचे ओचे कमरेला खोचतात, आणि मीही झोळी बांधून माझ्या ओळीला लागते.